ढेकळांचा तह

धुळे, रविवार, १ मे १९५५
दुपारचे पावणेतीन

सौ. बेबाअक्कास भटूचा नमस्कार.

आता या क्षणी मी दुकानाच्या मागच्या खोलीत सरकीच्या पोत्यांवर काळ्या शाईने नंबर घालत होतो. दलिचंद शेठ जेवून आडवे झाले आहेत. सतरावे पोते झाले आणि पुढे हात चालेना, म्हणून कागद घेतला.

आखाजी होऊन सहा दिवस झाले. तू आली नाहीस.

आईने दारच्या निंबाला झोका बांधला होता. सांजोऱ्या तुझ्या वाटच्या म्हणून वेगळ्या डब्यात ठेवल्या होत्या. दिवसभर ती नदीच्या पायवाटेकडे बघत होती आणि मी विचारले की म्हणत होती, "मी कोठे देखी ऱ्हायनू? डोयामा धूर गया."

चिंचटेक काय लांब आहे? मधे फक्त बोरीचे पात्र, आणि त्यात एप्रिलात घोट्याएवढे पाणी. तुझी तब्येत बरी आहे ना? का घरात कोणी आजारी आहे?

यंदा तर यायला काही अडचणच नव्हती. दर आखाजीला आपल्या आसनखेड्याच्या बाया या काठावर, चिंचटेकच्या बाया त्या काठावर, आधी शिव्या आणि मग ढेकळे. तू तर लग्नानंतरही तीन वर्षे माहेरी येऊन, पदर खोचून, स्वतःच्याच सासरच्या बायांवर ढेकळे टाकलीस. मला ते लांबून बघूनही कसेसेच होत असे. इकडे धुळ्यात रविवारी बाविस्कर वकिलांचा अभ्यासवर्ग असतो. तिथे एकाने मला सगळ्यांसमोर विचारले होते, "काय हो, तुमच्याकडे अजून अक्षय्य तृतीयेला बाया नदीवर युद्ध करतात म्हणे?" सगळे हसले. मीही हसलो.

म्हणूनच मी तो करार लिहिला. गेल्या साली आपल्या देशाने चीनशी पंचशील केले, तसाच पाच कलमांचा. एक, दोन्ही गावांनी एकमेकांच्या शिवेचा मान राखावा. दोन, कोणी कोणावर दगड-ढेकूळ टाकू नये व अपशब्द बोलू नये. तीन, एकाने दुसऱ्याच्या घरच्या कारभारात बोलू नये. चार, नदीच्या पाण्याचा दोघांनी सारखा लाभ घ्यावा. पाच, गुण्यागोविंदाने राहावे. दहा एप्रिलला तुमच्या चावडीत दोन्ही पाटलांच्या सह्या झाल्या, पेढे वाटले गेले. वकीलसाहेबांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाले, "घ्या, बांडुंगच्या परिषदेला एवढे देश जमले आहेत, पण आपला भटू त्यांच्या आधी उरकून आला!"

आणि अक्का, करार पाळला गेला. आखाजीला एकही ढेकूळ पडले नाही. नदीवर चिटपाखरू नव्हते. मी स्वतः जाऊन पाहिले.

मग तू का आली नाहीस, हे मला समजत नाही. उलटटपाली कळव.

तुझा
भटू


धुळे, रविवार, ३ जुलै १९५५
सकाळचे साडेनऊ

सौ. बेबाअक्कास नमस्कार.

तुझे उत्तर नाही. पत्र पोचले की नाही अशी शंका होती, पण मंगळवारी पारोळ्याच्या बाजारात अभिमन भावोजी भेटले. बियाण्याची पिशवी खांद्यावर होती. पत्र मी स्वतः तिच्या हातात दिले, असे ते म्हणाले. तेव्हा ती शंका मिटली आणि दुसरी सुरू झाली.

मी विचारले, अक्काला आखाजीला का पाठवले नाही? ते हसले. रागाने नाही, पण नीटही नाही.

"शालक, तुमनी कलम लई जोरात चालस."

"म्हणजे?"

"आईनं इचारं, यंदा नदीवर लढाई शे का? मी म्हनं, नही, करार व्हयेल शे. मंग ती म्हने, लढाई नही, तं फौज कसाले धाडो?"

मी म्हटले, अक्का काय फौज आहे? ती लेक आहे, आखाजीला माहेरी यायचीच. ते म्हणाले, "आते काय सांगू? आजलोंग चिंचटेकनी एक बी सून आखाजीले रोकी नही. रोकती, तं तुमन्या बाया वरीसभर बोंबलत्या, देखा, चिंचटेक भ्यायनं, आमन्या पोरी दडाडी ठेयात. आते भ्यावानं कारनच नही ना."

एवढे बोलून ते बैलगाडीकडे गेले. मी तिथेच उभा राहिलो. म्हणजे लढाई होती म्हणून तू येत होतीस? मी हे वाक्य चार वेळा मनात म्हटले, चारही वेळा ते चुकीचे वाटले, पण चूक कुठे आहे ते सापडले नाही.

वर्गात सध्या विषय आहे, परराष्ट्र धोरण नक्की कोण ठरवतो. तुला हे कंटाळवाणे वाटेल, पण मला हल्ली दुसरे काही सुचत नाही. वकीलसाहेब सांगतात, इंग्लंडात मंत्रिमंडळ बंद खोलीत ठरवते आणि मग पार्लमेंटात त्यावरून त्यांची हजेरी घेतली जाते. अमेरिकेत अध्यक्ष करार करून येतो, पण सिनेट नाही म्हणाली तर तो करार नुसता कागद. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचे तसेच झाले, कल्पना त्यांच्याच अध्यक्षाची आणि त्यांचाच देश बाहेर. रशियात काय ठरले ते ठरून गेल्यावर कळते. स्वित्झर्लंडात काही करारांवर गावोगाव मते घेतात. आणि आपल्याकडे पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री एकच, त्यामुळे सही आधी आणि लोकसभेत चर्चा मागाहून.

मी वहीत रकाने पाडले आणि खाली आपली दोन गावे लिहिली. आसनखेडे: झिपरू पाटील म्हणतील ते. म्हणजे रशिया. चिंचटेक: चावडीत पंधरा जण एकदम ओरडतात आणि तंबाखू संपली की ठरते. म्हणजे अमेरिका, किंवा जवळपास. वकीलसाहेबांनी रकाना पाहिला, खूप हसले, आणि म्हणाले, "भटू, एक रकाना कमी आहे."

कोणता, ते सांगितले नाही. विचार कर म्हणाले. मी करतो आहे.

आईचा निरोप आला आहे. चिंचटेकच्या बकऱ्या आपल्या गावच्या कडब्यात शिरल्या, तर फौजदाराकडे अर्ज गेला. पूर्वी कधी गेला नव्हता. त्यावर तुमच्या गावाने उलट अर्ज केला.

तू दोन ओळी लिही. चौथीपर्यंत शिकलेली आहेस, तुझे अक्षर माझ्याहून चांगले होते.

भटू


पारोळे, एस.टी. स्टँड, बुधवार, १६ नोव्हेंबर १९५५, भाऊबीज
संध्याकाळचे पाच. गाडीला उशीर आहे.

अक्का,

मी आज तुझ्या दारात आलो होतो, हे तुला माहीत आहे. दाराआडून तुझ्या बांगड्या वाजल्या त्या मी ऐकल्या.

तरी जे झाले ते लिहितो, कारण आतून तुला किती ऐकू आले कोण जाणे.

तुझ्या सासूबाई, सुगंधाबाई, ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाणी दिले, गूळ दिला. मी म्हटले, भाऊबीज आहे, अक्काने ओवाळले की निघतो. आणि चार दिवस आईकडे पाठवता आले तर बघा, आईने तिला गेल्या संक्रांतीपासून पाहिलेले नाही.

त्या सूप हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो कागद शे का तुन्हाजोडे?"

माझ्याजवळ होता. माझ्याजवळ तो नेहमी असतो.

"तिसरं कलम वाची दाखाड."

मी वाचले. एकाने दुसऱ्याच्या घरच्या कारभारात बोलू नये.

"आखो एकडाव वाच. मन्हा कान कमी शेतस."

मी पुन्हा वाचले.

"कोनी लिखं?"

"मी."

"मंग? सून कोना घरनी?" त्या अजिबात चिडल्या नव्हत्या. शेजारच्या दोघी-तिघी ओट्याखाली जमल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बेटा, आमनी सून कवय जाई, कवय येई, हाऊ आमना घरना कारभार शे. दोन्ही पाटलेसन्या सह्या शेतस. तुले ओवायनं, तं मंग तिले हातनं काम सोडनं पडी, ते बी आमना घरनं काम. बस, गूळ खाय."

अक्का, ते कलम मी जसेच्या तसे घेतले होते. मोठमोठ्या देशांनी ते मान्य केले आहे. दुसऱ्याच्या अंतर्गत बाबीत ढवळाढवळ करायची नाही, यात वाईट काय आहे? मला आजही त्यात वाईट दिसत नाही. आणि तरी त्या कलमाच्या एका बाजूला मी गूळ हातात धरून बसलो होतो आणि दुसऱ्या बाजूला तुझ्या बांगड्या वाजत होत्या.

तू बाहेर का आली नाहीस? तुला येऊ दिले नाही, की तुलाच यायचे नव्हते? तू माझ्यावर रागावली आहेस का, एवढे तरी कळू दे. हो म्हणालीस तरी चालेल.

तुझ्यासाठी आणलेला खण मी अभिमन भावोजींच्या हाती ठेवला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरी शे ती. काम लई पडस, पन बरी शे." लई म्हणजे किती, हे विचारायची हिंमत झाली नाही. विचारले असते तर तेही तिसऱ्या कलमात आले असते.

गाडी आली.

भटू


जळगाव, रविवार, २२ एप्रिल १९५६
दुपारी, धर्मशाळेत

सौ. बेबाअक्कास नमस्कार.

शेठच्या कापसाच्या गाठींच्या कामासाठी इकडे तीन दिवस आलो आहे. आखाजी पुढच्या महिन्यात तेरा तारखेला आहे. मला तो करार रद्द करायचा आहे. कसा करायचा ते कळत नाही.

प्रथम झिपरू पाटलांकडे गेलो. ते म्हणाले, "आमी मोडं, तं आमी खोटा. चिंचटेकले मोडू दे." तुमच्या चावडीत गेलो. तिथे पंधरा जण एकदम बोलले, त्यातून एवढेच कळले की जो आधी मोडेल त्याचे नाक जाईल. शिवाय आता दोन्ही गावांचे मिळून सात अर्ज फौजदाराकडे आहेत आणि प्रत्येक अर्जात कराराचा हवाला आहे. करार गेला तर अर्ज कशावर उभे राहणार? म्हणजे भांडण टिकवायला करार लागतो. हे मी लिहिताना नीट वाटत नाही, पण तसेच आहे.

काल इथल्या एका मोठ्या कचेरीत जाऊन एका कारकुनाला कागद दाखवला. त्याने चष्मा वर करून दोनदा वाचला. "छान लिहिलाय. पण हा जमिनीचा नाही, कर्जाचा नाही, फौजदारी नाही. आमच्या कोणत्याच दप्तरात हा बसत नाही." मी म्हटले, मग हा रद्द समजू का? तो म्हणाला, "जो नोंदलाच नाही तो रद्द कसा करणार?"

वकीलसाहेबांना निघण्यापूर्वी विचारले होते. ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "जर्मनीशी करार करून इंग्लंडचे पंतप्रधान कागद हलवत विमानातून उतरले, तेव्हा लोकांनी टाळ्याच वाजवल्या. ज्या देशाचे तुकडे त्या कागदात पडले, त्या देशाला खोलीबाहेर बसवले होते. तुझ्या कराराच्या दिवशी बाहेर कोण बसले होते?"

मी म्हटले, बाहेर कोणी नव्हते, सगळे आत होते. पाटील, पंच, मी.

ते म्हणाले, "नीट आठव."

मग मी गावी गेलो तेव्हा आईला विचारले. ती भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ढेकळं कोन मारत व्हतं? पाटील मारत व्हता का?"

"नाही. तुम्ही बाया."

"मंग आमले कोनी इचारं?"

तिने भाकरी उलटली. मग जे सांगितले ते मला अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात कोणी सांगितले नव्हते. आम्ही पुरुष आखाजीला पत्ते कुटत बसतो, नदीवर बाया शिव्या देतात एवढेच आम्हाला माहीत. शिव्यांमध्ये काय असते ते आम्ही कधी ऐकलेच नाही. कोणी कोणाचा कडबा नेला, कोणी विहिरीवर कोणाला अडवले, कोणाच्या सासूने सुनेला उपाशी ठेवले, वर्षाचे सगळे तिथे नाव घेऊन ओरडायचे. तुझ्या लग्नानंतर पहिल्या आखाजीला आईने पलीकडे हाक मारून विचारले होते म्हणे, "सुगंधे, मन्ही पोरले शिळं खावाडस का वं?" दोन गावांच्या बाया ऐकत होत्या. त्यानंतर वर्षभर तुला ताजी भाकरी मिळाली.

"आनि तू लिखं, अपशब्द बोलू नये," आई म्हणाली. "बठ्ठं बोलनं बंद करी टाकं."

मी म्हटले, मला काय माहीत? ती म्हणाली, "तुले नही माहीत, तेच तं सांगी ऱ्हायनू."

अक्का, मी वहीत नवा रकाना आखला आहे. त्याच्या डोक्यावर काय लिहू ते मात्र ठरत नाही. बाया मंत्रिमंडळ आहेत, की सैन्य, की सिनेट? कोणत्याच देशात हे असे बसत नाही.

आखाजीला ये. कोणत्या कलमाने येशील ते मला माहीत नाही. पण ये.

भटू


आसनखेडे, सोमवार, १४ मे १९५६
सकाळचे सात. ओट्यावर बसलो आहे, डावा डोळा अर्धा मिटलेला आहे.

अक्का,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू आलीस की हातात देईन. तुझ्याबरोबर सुगंधाबाई असतील, घरात बायांची गर्दी असेल, मला बोलता येणार नाही; म्हणून लिहून ठेवतो.

काल काय झाले ते तू समोरून पाहिलेस. माझ्या बाजूने असे झाले.

दुपारी चारला आपल्या आळीतल्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या. टोपल्यांत काळ्या रानातली ढेकळे. पुढे आई. मी धावत आडवा गेलो. करार रद्द झालेला नाही, आज काही झाले तर आठवा अर्ज जाईल आणि त्यात तुमची नावे येतील, असे म्हणालो. तानुबाई, आपल्या शेजारची, म्हणाली, "बाजू व्हय, सायब." त्या माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या.

पलीकडे तुम्ही आधीच उभ्या होतात. म्हणजे निरोप गेला होता. कसा गेला, कोणी नेला, कोणत्या चावडीत ठरला? मला काहीच पत्ता नाही.

मी पाण्यात मधोमध जाऊन उभा राहिलो आणि दुसरे कलम मोठ्याने वाचू लागलो. दोन्हीकडून हसू फुटले. तुमच्या बाजूची एक ओरडली, "अवं देखा, सरकार उनं! धोतर ओलं व्हई ऱ्हायनं सरकारनं!" आपल्या बाजूच्याही हसल्या. वर्षभरात दोन्ही गावे एका गोष्टीवर एक झाली ती तेव्हाच.

मग आईचा आवाज आला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"सुगंधे! वरीस व्हयनं वं, मन्ही पोरनं तोंड देखं नही!"

"तुन्हाच पोऱ्यानी लिखी दिन्हं! घरनं घरमा!"

"मन्हा पोऱ्या येडा शे! तू तं शानी शे ना!"

आणि तेव्हा तू दिसलीस. आजवर तू आखाजीला या काठावर असायचीस. त्या काठावर तू पहिल्यांदाच उभी होतीस. पदर खोचलेला, वाळलीस, पण उभी तशीच. तू टोपलीत हात घातलास, दोन ढेकळे हातात घेऊन बघितलीस, एक टाकून दिलेस, दुसरे ठेवलेस. माझ्याकडे बघितलेस. मी हात वर केला. मला वाटले तू ओळख देते आहेस.

ते भुवईवर बसले. कागद पाण्यात पडला. मी खाली बसलो, बोटांना रक्त लागले, आणि मला एकच वाटले, की माझ्या प्रश्नाचे उत्तर आले. रागावली आहे.

मग आई पाण्यातून फडफड करत आली.

"रगत निंघनं का रे?"

"हो."

"दखाड. निंघनं! निंघनं वं बायासहोन!" आणि ती हसायला लागली. मी पाण्याची ओंजळ भरून कपाळाकडे नेली तर तिने हातावर चापट मारली. "धवू नको! ऱ्हाऊ दे तसंच!"

मी मान वर केली तर पलीकडेही बाया हसत होत्या, टोपल्या उपड्या करत होत्या. एकट्या सुगंधाबाई हसत नव्हत्या. त्या तुझ्याकडे बघत होत्या, आणि तू हात झटकत होतीस.

घरी आल्यावर आईने सांगितले. ज्या हाताने रक्त निघेल, त्या हाताने दुसऱ्या दिवशी हळद-गूळ घेऊन समोरच्या घरी जायचे, जखमेवर हळद भरायची, आणि खपली पडेपर्यंत तिथेच राहून रोज भरायची. सासूने स्वतः आणून सोडायचे. नाही आणले, तर त्या घरच्या मुलीला दोन्ही काठांवर कोणी ओटीचे तांदूळ घालत नाही. आणि तुझ्या नणंदेला, सुनंदाला, तर याच साली उजवायचे आहे ना? आईच्या आठवणीत हे तीनदा झाले. पाटलांना ठाऊक नाही. मलाही नव्हते. ठाऊक असते तर मी सहावे कलम करून तेही बंद केले असते.

मी म्हटले, पण मला तर पुरुषासारखे घरात बसायला हवे होते, मी नदीवर होतो हा योगायोग. आई म्हणाली, "तू नही, तं ती मले मारती. नेम चांगला शे तिना."

तरी मला तुला विचारायचे आहे. तू हिशेबाने मारलेस, की रागाने? दोन ढेकळांतले तू मोठे निवडलेस, हे मी पाहिले आहे. आई म्हणते, दोन्ही एकाच हाताने होते, त्यात काय विचारायचे. मला वाटते विचारायला हवे. तू खरे सांग, मी रकान्यात लिहिणार नाही.

आत्ता पलीकडच्या काठावर दोन बाया उतरताना दिसतात. एकीच्या हातात झाकलेले ताट आहे. डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. पुढची तूच असावीस. मागची फार हळू चालते आहे.

मी खिशात टिंक्चर आयोडीनची बाटली आणली होती. आईने ती काढून घेतली आहे.

खर्चाचा मेळ, तू येईपर्यंत घालून ठेवतो:

एस.टी., धुळे ते पारोळे: एक रुपया एक आणा
खण: एक रुपया दहा आणे
बांगड्या: बारा आणे
आंबे व गूळ: सव्वा रुपया
एकूण: चार रुपये अकरा आणे

दलिचंद शेठकडून उचल: पाच रुपये. शिल्लक पाच आणे.
शेठना देणे: उचल पाच रुपये, आणि रजेचा कापला जाईल तो पगार. रजा दोन दिवसांची मागितली होती. खपली किती दिवस धरेल ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तो आकडा कोरा ठेवला आहे.